जर्मन लष्करी चिन्हांवरचा प्राणी कसा वाचायचा

जर्मन शिरस्त्राणावर, बाहीवरच्या बिल्ल्यावर किंवा रणगाड्याच्या पत्र्यावर प्राणी दिसला, की 'गरुड म्हणजे पराक्रम, सिंह म्हणजे शौर्य' असा अर्थ लावायचा मोह होतो. तो आवरा. हे सैन्य कोणत्या राजघराण्याचे, कोणत्या मुलखाचे, एवढेच तो प्राणी बहुतेक वेळा सांगत असतो. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो 'हा कोणाचा?'

त्याआधी दिशा पक्की करा. कुलचिन्हांत उजवे-डावे ठरते ते ढाल धरणाऱ्याच्या बाजूने. गरुड 'उजवीकडे पाहतो' असे लिहिले असेल, तर त्याची चोच आपल्या डाव्या हाताला असते. इथे गफलत झाली तर नाझी काळातल्या वस्तूंची ओळखच उलटी होते, कारण राज्याचा आणि सैन्याचा गरुड स्वतःच्या उजवीकडे पाहतो, नाझी पक्षाचा डावीकडे. चित्र उलटे छापलेले नाही ना, हे त्यातल्याच एखाद्या अक्षरावरून तपासा.

आता गरुडाची डोकी मोजा. १४३३ मध्ये सिगिसमुंड पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट झाला, तेव्हापासून दोन डोक्यांचा गरुड सम्राटाचा आणि एका डोक्याचा राजाचा, अशी वाटणी रुळली. (आपल्याला इथे गंडभेरुंड आठवतो, पण त्याचा आधार घेऊन अर्थ लावू नका.) १८७१ च्या जर्मन साम्राज्याने मात्र एकच डोके घेतले. मग रंग पाहा. सोनेरी ढालीवर काळा गरुड साम्राज्याचा, पांढऱ्यावर काळा प्रशियाचा, पांढऱ्यावर लाल ब्रांडेनबुर्गचा. जुन्या कृष्णधवल फोटोवरून मात्र रंग ठरवू नका. त्या काळच्या फोटोच्या काचांवर लाल आणि पिवळा काळपट उमटत, निळा फिकट.

सगळ्यात जास्त माहिती गरुडाच्या छातीवर असते. १५२५ मध्ये ट्युटॉनिक ऑर्डर या धर्मयोद्ध्यांच्या संघाचा प्रमुख आल्ब्रेख्ट पोलंडच्या राजाचा मांडलिक म्हणून प्रशियाचा ड्यूक झाला. त्याला मिळालेल्या काळ्या गरुडाच्या छातीवर 'एस' हे अक्षर होते, पोलंडचा राजा सिगिसमुंड याचे, आणि गळ्यात मुकुट. मांडलिकी अशी उघड दिसत होती. १७०१ मध्ये प्रशिया राज्य झाले आणि छातीवर 'एफआर' आले, म्हणजे फ्रिडेरिकुस रेक्स, राजा फ्रेडरिक. प्रशियाच्या साध्या पायदळाच्या टोकदार शिरस्त्राणावर पुढे हीच अक्षरे दिसतात. छातीवर अक्षरांऐवजी तारा असेल तर ती गार्ड, म्हणजे राजाच्या खास रक्षकांची पलटण.

गरुड नसेल तर मुलूख बदलला असे समजा. दोन सिंहांनी ढाल धरलेली असेल तर बव्हेरिया. त्यातला सोनेरी सिंह मूळचा ऱ्हाइनकाठच्या पॅलॅटिनेटचा. तो मुलूख १२१४ मध्ये बव्हेरियाच्या विटेल्सबाख घराण्याकडे आला आणि सिंहही आला. एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला हरीण आणि ढालीत तीन शिंगे असतील तर व्युर्टेम्बेर्ग. ग्रिफिन, म्हणजे गरुडाचे तोंड नि सिंहाचे धड, बाडेनचा. तलवार घेतलेला एकटा सिंह हेसेचा, बैलाचे डोके मेक्लेनबुर्गचे, घोडा ब्राउनश्वाइगचा. सॅक्सनीच्या ढालीत प्राणीच नाही. आडवे काळे-सोनेरी पट्टे आणि त्यांवरून तिरका हिरवा पट्टा असतो.

घोड्याचा माग काढणे फार समाधानाचे आहे. लाल ढालीवरचा पांढरा घोडा हॅनोव्हरच्या घराण्याचा. १७१४ मध्ये त्या घराण्यातला जॉर्ज ब्रिटनचा राजा झाला, तेव्हा घोडा ब्रिटिश राजचिन्हातही शिरला. आजच्या जर्मन सैन्याच्या पहिल्या पॅन्झर (रणगाड्यांच्या) डिव्हिजनच्या बाहीवर तोच आहे, कारण ही डिव्हिजन लोअर सॅक्सनीची. फक्त वेस्टफालियाच्या घोड्याशी गल्लत करू नका. रंग तेच असले तरी तो मागच्या पायांवर उभा असतो, लोअर सॅक्सनीचा झेप घेत असतो.

दुसऱ्या महायुद्धातल्या डिव्हिजनांच्या खुणा वेगळ्या वाचाव्या लागतात, कारण त्यांतल्या कित्येक पलटणींनीच ठरवलेल्या होत्या. तिसऱ्या पॅन्झर डिव्हिजनचे अस्वल सरळ आहे: ती बर्लिनची, आणि शहराच्या १२८० च्या शिक्क्यावरही अस्वल आहे. नाव आणि प्राणी यांच्या उच्चारसाम्यातून जुळलेले हे चिन्ह (जर्मनमध्ये अस्वल म्हणजे 'बेअर'). शहराचे नाव मुळात स्लाव्ह भाषेतले. ११६ व्या पॅन्झर डिव्हिजनचा धावता ग्रेहाउंड (शिकारी कुत्रा) मात्र मुलूख सांगत नाही, वेग सांगतो. गुणवाचक अर्थ लावायचाच तर अशा खुणांना लावा. लेपर्ड, मार्डर, पूमा ही तर वाहनांची नावे. त्यांचा कुलचिन्हांशी संबंध नाही.

शिरस्त्राण हातात असेल तर पुढची चिन्हाची धातूची पाटी त्याचीच आहे का, हे शेवटी पाहा. मूळ पाटी पातळ पत्रा ठोकून केलेली असते, त्यामुळे मागची बाजू पोकळ असते आणि पुढचा प्रत्येक उठाव मागे खोल दिसतो. ओतीव, जड, मागे सपाट पाटी बहुधा नंतरची. पाटी काढून कातड्यातली भोके मोजा. जास्तीची भोके असतील तर पाटी बदललेली आहे. मग कानाजवळच्या गोल फितींकडे वळा: १८९७ पासून घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला साम्राज्याची काळी-पांढरी-लाल, डाव्या बाजूला राज्याची. प्रशियाची काळी-पांढरी, बव्हेरियाची पांढरी-निळी, व्युर्टेम्बेर्गची काळी-लाल, बाडेनची पिवळी-लाल. पुढे ग्रिफिन आणि डावीकडे पांढरी-निळी फीत असेल, तर दोन शिरस्त्राणांचे भाग एकत्र जोडलेले आहेत.