पंचायतीकडे रोजगार हमीचे काम कसे मागावे

भातकापणी उरकली की काजूचा हंगाम सुरू होईपर्यंत गोव्यातल्या सत्तरी, सांगे, काणकोणातल्या कितीतरी घरांत हाताला काम नसते. याच दिवसांत बांधांची डागडुजी, ओहळातला गाळ काढणे, बंधारे घालणे ही गावाची कामेही खोळंबलेली असतात. रोजगार हमी या दोन गरजांची सांगड घालते. 2005 च्या कायद्याने प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षाला 100 दिवस मजुरीच्या कामाची हमी मिळाली. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात 125 दिवस आहेत, मात्र पेरणी-कापणीच्या काळात राज्याला 60 दिवसांपर्यंत कामे थांबवता येतात.

पहिली पायरी नोंदणीची. घरातल्या 18 वर्षांवरच्या, अंगमेहनतीला तयार असलेल्या सगळ्यांची नावे एकाच जॉब कार्डावर येतात. आधार, बँक पासबुक आणि फोटो घेऊन पंचायतीत जा. कार्डाला पैसे लागत नाहीत. जुने जॉब कार्ड असेल तर त्याचे ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणे) झाले आहे का, ते आधी विचारून घ्या. पालिका क्षेत्रात राहणाऱ्यांना ही हमी लागू नाही.

आता खरी महत्त्वाची पायरी. कार्ड मिळाले म्हणजे काम मिळाले नव्हे. काम वेगळे मागावे लागते, आणि तेही लेखी. आपल्याकडे पंचाला वाटेत गाठून ‘काम आले की सांगा’ म्हणायची सवय आहे. त्या बोलण्याची कुठेच नोंद होत नाही, आणि गावात कोणाला कामच नको, असे कागदावर दिसते. म्हणून कोणत्या तारखेपासून, किती दिवस काम हवे ते अर्जात लिहा आणि तारीख घातलेली पोच घेतल्याशिवाय उठू नका. पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर बेरोजगारी भत्त्याचा हक्क लागू होतो, आणि तो मागताना हीच पोच दाखवायची असते. पोच द्यायला कोणी टाळाटाळ केली तर अर्ज गटविकास अधिकाऱ्यांकडे द्या. चौघी-पाच जणींनी मिळून एकत्र अर्ज दिला तर पंचायतीला काम सुरू करणेही सोपे जाते.

पण काम निघायला ते पंचायतीच्या कामांच्या आराखड्यात असावे लागते. गोव्यात जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये रविवारी ग्रामसभा होतात. तिथे उठून तळीचे, बांधाचे, पाटाचे नाव घ्या आणि ते इतिवृत्तात लिहायला लावा. बायकांनी तर बोलावेच.

कामावर हजेरी मोबाईलवर फोटो काढून लागते. आपली लागली की नाही ते रोज पाहा. मजुरी थेट खात्यात येते, तेव्हा पासबुक भरून दिवस जुळवा.

कौशल्याचे म्हणाल तर नुसती माती उचलून ते येत नाही. गवंडी, सुतार, लोहार किंवा कुंभारकाम करणाऱ्यांनी सामायिक सेवा केंद्रात पीएम विश्वकर्मासाठी नोंदणी करावी. 2023 पासूनच्या या योजनेत प्रशिक्षणाच्या दिवसांना रोज 500 रुपये आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते. ग्रामीण भागात या नोंदणीची पहिली पडताळणी पंचायतच करते, त्यामुळे कामाचा अर्ज द्यायला जाल तेव्हा तेही विचारून या.