एलएलएम करताय? ऑप्शनलच्या यादीपासून शेवटच्या फूटनोटपर्यंत या चुका टाळा

एलएलएमला, म्हणजे कायद्याच्या मास्टर्सला, ॲडमिशन झाली की ऑप्शनल विषयांची लांबलचक यादी समोर येते आणि फॉर्म भरायला वेळ मिळतो जेमतेम, त्यातले अर्धे दिवस पोर्टलचं लॉगिन चालू होण्यातच जातात, मग काय, मैत्रिणीने घेतलं ते, ज्याचं नाव भारी वाटतं ते, ज्याला लेखी परीक्षा नाही ते, असं टिकमार्क करून मोकळे. पुढे सहा-सात महिन्यांनी डिझर्टेशनला (शेवटच्या शोधप्रबंधाला) विषय सुचत नाही, सुपरवायझर मिळत नाही, डिग्रीवर स्पेशलायझेशनचं नाव येणार नाही असं ऑफिसातून कळतं, आणि लोक म्हणतात अभ्यास झेपला नाही. अहो, अभ्यास झेपतो हो, निवड उलट्या क्रमाने झालेली असते. एलएलएम शेवटाकडून प्लॅन करायचं असतं: आधी पुढे काय करायचंय ते, मग डिझर्टेशन कशावर, मग त्याला लागतील ते विषय. खालच्या बऱ्याच चुका हा क्रम चुकल्यानेच होतात.

डिग्रीवर काय छापून येणार हे न बघता विषय घेणं

एलएलएम दोन प्रकारचं असतं, एक साधं, आणि एक कंसात विषयाचं नाव असलेलं, म्हणजे इंटरनॅशनल कमर्शियल लॉ, ह्युमन राइट्स वगैरे. हे कंसातलं नाव आपोआप येत नाही. यूकेमधलं एलएलएम 180 क्रेडिटचं, नेहमीची विभागणी म्हणजे 120 क्रेडिटचे विषय आणि 60 चं डिझर्टेशन, आणि नाव हवं असेल तर त्या गटातले ठरावीक क्रेडिट पूर्ण करावे लागतात, बऱ्याच ठिकाणी डिझर्टेशनसुद्धा त्याच गटातलं लागतं. नेमके किती क्रेडिट हे प्रत्येक युनिव्हर्सिटीचं वेगळं, आणि ते जाहिरातीच्या पानावर नसतं, प्रोग्रॅम हँडबुकमध्ये असतं, जे कोणी उघडत नाही. भारतातल्या एक वर्षाच्या एलएलएमला यूजीसीच्या गाइडलाइन्सप्रमाणे 24 क्रेडिट, त्यात रिसर्च मेथड्स, कम्पॅरेटिव्ह पब्लिक लॉ आणि जागतिकीकरणातला कायदा व न्याय असे तीन पेपर कम्पल्सरी, म्हणजे निवडायला जागा अजूनच कमी. एक विषय गटाबाहेरचा घेतला तरी गणित बिघडू शकतं.

आणि यादीत नाव आहे म्हणून तो विषय यंदा शिकवतीलच असं समजू नका. शिकवणारे प्रोफेसर रजेवर असतात, पुरेशी मुलं येत नाहीत, विषय बंद. दोन पर्याय खिशात ठेवूनच फॉर्म भरा.

फॉर्म भरून झाला असेल आणि आता लक्षात आलं असेल, तर आधी विषय बदलायची मुदत संपली का ते विचारा. टर्म सुरू झाल्यावर थोडे दिवस ती उघडी असते बहुतेक ठिकाणी, पण तोंडी विचारू नका, मेल करा, उत्तर लेखी राहतं. मुदत गेली असेल तर दुसऱ्या सेमिस्टरच्या विषयांतून क्रेडिट भरून निघतात का बघा. तेही नाही जमलं तर साधं एलएलएम घ्या आणि डोक्याला ताप करून घेऊ नका, सीव्हीत विषयांची नावं आणि डिझर्टेशनचं टायटल लिहिता येतं आणि मुलाखतीत प्रश्न त्यावरच येतात. साधं एलएलएम म्हणजे कमी दर्जाचं हा समज माझ्या मते फुकटचा आहे, उलट ज्याला दोन क्षेत्रांच्या सीमेवर काम करायचंय, समजा टॅक्स आणि पर्यावरण, त्याला तेच सोयीचं.

एलएलएम म्हणजे सनद असं धरून चालणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. दुसऱ्या देशातून एलएलएम केलं की तिथे वकिली करता येईल असं घरचे धरून चालतात, कधीकधी विद्यार्थीही. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर व्हायचा रस्ता सप्टेंबर 2021 पासून एसक्यूई (सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन) परीक्षेचा आहे, एलएलएम केलं म्हणून ती माफ होत नाही (काही एलएलएममध्ये एसक्यूईची तयारी जोडलेली असते, पण परीक्षा द्यायचीच).

न्यूयॉर्कचं वेगळं, तिथे परदेशी लॉ ग्रॅज्युएटला एलएलएम करून बार परीक्षेला (वकिलीच्या परवान्याच्या परीक्षेला) बसता येतं पण कुठलंही एलएलएम चालत नाही. 24 क्रेडिट हवेत, त्यात किमान 2 प्रोफेशनल रिस्पॉन्सिबिलिटीचे, 2 लीगल रिसर्च-रायटिंगचे, 2 अमेरिकन कायद्याच्या ओळखीचे आणि 6 बार परीक्षेत विचारल्या जाणाऱ्या विषयांचे. आता एखाद्याने सगळेच्या सगळे विषय इंटरनॅशनल ह्युमन राइट्सच्या सेमिनारचे घेतले, मार्क उत्तम, पण बारला अपात्र. शिवाय मूळ डिग्रीचा कालावधी कमी आणि ती कॉमन लॉचीही (इंग्लंड-भारतासारख्या, कोर्टाच्या निकालांवर चालणाऱ्या कायदापद्धतीची) नाही, अशा दोन्ही अडचणी असतील तर एलएलएमने भागत नाही, दोघांपैकी एकच उणीव त्याने भरून निघते. म्हणून आपली मूळ डिग्री तिथल्या बोर्डाकडून आधी तपासून घ्यायची असते आणि त्याला महिनोन्‌महिने लागतात, कारण कागदपत्रं तुमच्या जुन्या युनिव्हर्सिटीतून यायची असतात. तिथे कागद कुठल्या वेगाने हलतात हे मी सांगायला नको.

भारतात शिकवायचं असेल तर एलएलएमला 55 टक्के (राखीव गटांना सवलत आहे) आणि नेट किंवा सेट, हे डोक्यात ठेवा. 54 वर अडकलेल्याची अवस्था वाईट होते, आणि बऱ्याचदा मार्क गेलेले असतात त्या कम्पल्सरी रिसर्च मेथड्सच्या पेपरात, ज्याला सगळे साइड पेपर समजतात.

एलएलबीसारखं वाचणं

एलएलबीत गाइड आणि हेडनोटवर (निकालाच्या वर छापलेल्या सारांशावर) निभावतं. इथे नाही. यूकेच्या हिशोबात एक क्रेडिट म्हणजे साधारण 10 तासांचा अभ्यास, म्हणजे 30 क्रेडिटच्या विषयाला 300 तास, त्यात वर्गात बसायचे तास तीसेक धरले तरी बाकीचे सगळे तुम्ही आणि तुमचं वाचन. रीडिंग लिस्ट पूर्ण वाचायची नसते हेही खरं, पण काय सोडायचं ते कळायला आधी लिस्टमधले दोन लेख नीट वाचावे लागतात, ते दोघं एकमेकांशी कुठे भांडतायत ते सापडलं की बाकीचे कुणाच्या बाजूचे आहेत ते चाळूनही कळतं.

जजमेंट वाचताना होणारी एक चूक जवळून दाखवतो. पुट्टस्वामी, 24 ऑगस्ट 2017, प्रायव्हसी मूलभूत हक्क आहे असं सांगणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल. नऊ जजेस, निष्कर्ष एकमताने, पण मतं सहा वेगवेगळी लिहिलेली. सगळ्यात लांब मत न्या. चंद्रचूड यांचं, ते त्यांनी स्वतःसाठी आणि आणखी तिघांसाठी लिहिलंय, म्हणजे नऊपैकी चार. विद्यार्थी त्यातला कुठलाही पॅरा उचलतात आणि खाली लिहितात ‘कोर्टाने असं ठरवलं’. अहो, चार जणांनी म्हटलंय, पाचवा त्या मुद्द्याशी सहमत आहे का ते दुसऱ्या मतांत शोधावं लागेल, आणि ते शोधणं हेच एलएलएमचं काम आहे. परीक्षक नेमकं इथेच मार्क कापतो आणि आपल्याला वाटतं भाषा कमी पडली.

जुने नोट्स वापरणं हा आणखी एक खड्डा. भारतात 1 जुलै 2024 पासून आयपीसी, सीआरपीसी आणि एव्हिडन्स ॲक्टच्या जागी नवे तीन कायदे आलेत, सिनियरच्या नोट्समधले कलम नंबर आता नव्या गुन्ह्यांना लागू नाहीत. केस अजून जिवंत आहे का हेही बघा. 1976 चा एडीएम जबलपूर, आणीबाणीत अटकेविरुद्ध दाद मागता येत नाही म्हणणारा निकाल, पुट्टस्वामीतच ओव्हररूल (चुकीचा म्हणून बाद) झालाय, तरी आणीबाणीवरच्या असाइनमेंटमध्ये चालू कायदा म्हणून दिसतो.

डिझर्टेशन: विषय नाही, प्रश्न हवा

‘एआय आणि कायदा’, ‘आर्बिट्रेशनमधली आव्हानं’, ‘महिलांचे हक्क: एक अभ्यास’. हे विषय नाहीत, कपाटावरच्या पाट्या आहेत. यावर पंधरा हजार शब्दांत लिहायचं म्हणजे प्रत्येक गोष्टीला दोन पानं, आणि निष्कर्षात ‘कायद्याची कडक अंमलबजावणी व्हावी’.

अरुंद कसं करायचं बघा. आर्बिट्रेशन (वाद कोर्टाऐवजी लवादापुढे सोडवणं) आवडतं, ठीक. परदेशी अवॉर्डची (लवादाच्या निवाड्याची) अंमलबजावणी, बरं. 1958 च्या न्यूयॉर्क कन्व्हेन्शनच्या (परदेशी निवाड्यांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) कलम 5(2)(बी) मध्ये पब्लिक पॉलिसीच्या (देशाच्या सार्वजनिक धोरणाच्या) कारणावरून अंमलबजावणी नाकारता येते, आता आपण एका पोटकलमावर आलो. मग एक कोर्ट धरा. भारताच्या सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी 2020 मध्ये विजय कारिया केसमध्ये परदेशी अवॉर्डच्या अंमलबजावणीला उगाच आडकाठी करणाऱ्यांना झापलं, वर 50 लाखांचा खर्च बसवला, आणि त्याच कोर्टाने एप्रिल 2020 मध्ये नाफेड विरुद्ध अलिमेंटा मध्ये पब्लिक पॉलिसीचं कारण देऊन अंमलबजावणी नाकारली. अडीच महिन्यांच्या आत दोन दिशा. या दोघांचा मेळ बसतो का, आणि नंतरची हायकोर्टं कोणामागे गेली? झाला प्रश्न. आता याला उत्तर असू शकतं, ते चुकीचं ठरू शकतं, आणि त्यावर कोणी तुमच्याशी भांडू शकतं, एवढं जमलं की विषय चांगला.

अशी जोडी सापडायला तो ऑप्शनल आधी शिकलेला असावा लागतो. एकही आर्बिट्रेशनचा विषय न घेता आर्बिट्रेशनवर डिझर्टेशन घेणारे दरवर्षी असतात आणि त्यांचे पहिले दोन महिने शब्द समजण्यात जातात. तुम्ही त्यातले असाल तर हट्ट सोडा, ज्या विषयाच्या असाइनमेंटमध्ये एखादी गोष्ट अर्धवट राहिली होती, शब्दमर्यादेमुळे कापली होती, ती उचला. ते मटेरियल तुमचं आधीच वाचून झालेलं असतं. फक्त असाइनमेंटमधले परिच्छेद जसेच्या तसे चिकटवू नका, स्वतःचंच लिखाण दोनदा सबमिट करणं हाही गैरप्रकार धरतात.

सुपरवायझरला ‘सर, मला आपल्या मार्गदर्शनाखाली काम करायचे आहे’ एवढाच मेल गेला तर उत्तर येत नाही, आलं तर ‘विषय सांगा’ येतं. मेलमध्ये प्रश्न दोन ओळीत, वाचलेले तीन-चार सोर्स, आणि कुठे अडलंय ते लिहा. मार्क सढळ देतात म्हणून सुपरवायझर निवडू नका, चॅप्टर वाचून किती दिवसांत परत देतात ते सिनियर्सना विचारा, ते जास्त महत्त्वाचं आहे.

तुलनात्मक करणाऱ्यांनी तीन देश तीन चॅप्टर असं करू नये. ती तुलना होत नाही, तीन सारांश होतात. हाच देश का, याचं एक कारण लिहिता येत नसेल तर तो देश काढून टाका. आणि मुलाखती किंवा सर्व्हे करायचा असेल तर एथिक्स अप्रूव्हल (माणसांवरच्या संशोधनाला लागणारी युनिव्हर्सिटीची परवानगी) आधी घ्या, आधी म्हणजे पहिला माणूस भेटायच्या आधी, नाहीतर गोळा केलेला डेटा वापरता येत नाही.

एआय, टर्निटिन आणि घाबरगुंडी

एआयने दिलेली केस स्वतः उघडून न बघता फूटनोटमध्ये टाकू नका. 2023 मध्ये माटा विरुद्ध एव्हियांका या केसमध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेल्या, अस्तित्वातच नसलेल्या केसेस फेडरल कोर्टात दिल्या आणि 5,000 डॉलर दंड झाला. वकिलांचं हे होतं तर विद्यार्थ्याचं काय. साइटेशन घ्या, वेस्टलॉ, एससीसी ऑनलाइन किंवा फुकटात बेली, इंडियन कानून, केसेसचा जो डेटाबेस हाताशी असेल त्यात टाका, पान उघडा, तो पॅरा वाचा.

टर्निटिनच्या (लिखाणातलं साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) टक्क्याला मात्र लोक उगाच घाबरतात. तो आकडा साम्य दाखवतो, चोरी नाही, कलमाचा मजकूर आणि केसची नावं यानेही तो वाढतो. यूजीसीच्या 2018 च्या नियमात 10 टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, 10 ते 40 ला सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, 40 ते 60 ला एक वर्ष सबमिशन बंद, वर गेलं तर रजिस्ट्रेशन रद्द, आणि योग्य संदर्भ देऊन घेतलेले उतारे यातून वगळलेले आहेत. टक्का उतरवायला समानार्थी शब्द घुसडू नका, कायद्यात ‘शॅल’चं (केलंच पाहिजे) ‘मे’ (करता येईल) केलं की अर्थच फिरतो.

तब्येत किंवा नोकरीमुळे डेडलाइन चुकणार असेल तर मुदतवाढीचा अर्ज तारखेच्या आधी करा. नंतर मागितलेल्याला नियमाचं पान दाखवतात.

फूटनोट शेवटच्या रात्री

संदर्भ लिहायची पद्धत ऑस्कोला चालते की ब्लूबुक ते पहिल्या दिवशी ठरवा, दोन्हीची खिचडी लगेच दिसते. ऑस्कोलात फूटनोटमध्ये लेखकाचं पहिलं नाव आधी येतं आणि बिब्लिओग्राफीत आडनाव आधी, हे कॉपी-पेस्ट करणाऱ्यांचं हमखास चुकतं.

दुसरं म्हणजे मागच्या फूटनोटचा नंबर हाताने टाइप करणं. तुम्ही ‘फूटनोट 12 बघा’ असं लिहिता, मग सुपरवायझर म्हणतात सुरुवातीला एक परिच्छेद वाढवा, वर दोन फूटनोट वाढतात, आणि 12 ची 14 होते, पुढचे सगळे नंबर खोटे. वर्डमध्ये रेफरन्सेस टॅबवर क्रॉस-रेफरन्स आहे, तिथून फूटनोट निवडून टाका. हे नंबर अपडेट करायला कंट्रोल ए आणि मग एफ 9 दाबायचं, पण मजकुरात उभं राहून दाबलं तर फक्त मजकुरातले बदलतात, कुठल्याही एका फूटनोटच्या आत कर्सर ठेवून पुन्हा कंट्रोल ए, एफ 9 करावं लागतं. काहींना हे सबमिशननंतर कळतं. आणि मध्येच एखादी फूटनोट डिलीट केली असेल तर तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या जागी अपडेटनंतर ठळक अक्षरात ‘एरर! बुकमार्क नॉट डिफाइन्ड’ असं उमटतं, म्हणून पीडीएफ केल्यावर त्यात ‘एरर’ हा शब्द सर्च करून बघा आणि मगच अपलोडचं बटण दाबा.