काढा, चूर्ण, पुडी: काविळीचा पेशंट काय काय घेतो याची यादी कशी करावी

काविळीचा पेशंट दवाखान्यात गेला की डॉक्टर पहिलं विचारतात, "कुठली औषधं चालू आहेत?" आणि घरचे छातीठोकपणे सांगतात, "बीपीची एक गोळी, बाकी काही नाही." आत्याच्या वेळी हे उत्तर मीच दिलं होतं. चार दिवस हेपॅटायटिस ए, ई, बी, सी, सोनोग्राफी, सगळं झालं. पाचव्या दिवशी तिच्या ओट्यावर चहा टाकताना साखरेच्या डब्यामागे कॉफीची जुनी बरणी हाताला लागली. आत तपकिरी चूर्ण, वर चिठ्ठी नाही. गुळवेल आणि आणखी काहीतरी, रोज सकाळी दोन चमचे, तीन महिने. तिच्या लेखी ते औषध नव्हतंच.

रक्ताची तपासणी सोपी आहे: एलएफटी (यकृताची तपासणी) करा, त्यात एसजीपीटी (यकृताला इजा झाली की वाढतं) आणि बिलिरुबिन (ज्याने कावीळ दिसते ते पिवळं द्रव्य) बघा. अवघड आहे ती पोटात जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीची यादी, कारण काढे-चूर्णंही यकृत बिघडवू शकतात.

यादी करताना 'औषध' हा शब्दच काढू नका. घड्याळाप्रमाणे विचारा: सकाळी उठल्यावर तोंडात पहिलं काय जातं? रात्री झोपताना? मग तक्रारीप्रमाणे: गुडघ्यांसाठी काय घेता, शुगरसाठी, केसांसाठी, वजनासाठी, पोट साफ होण्यासाठी? एवढं करूनही विश्वास ठेवू नका. ओटा, फ्रिजचं दार, उशीजवळचा डबा, पर्स स्वतः उघडून बघा. जे सापडेल त्याचा पुढून-मागून फोटो काढा आणि कधीपासून, किती, कुणी दिलं हे लिहा. दारू आणि अंगदुखीच्या गोळ्याही लिहा. बिनचिठ्ठीची पुडी फेकू नका, तशीच दवाखान्यात न्या. ज्यावर घटक आणि लायसन्स नंबर नाही ते पोटात जाता कामा नये, देणारा कितीही ओळखीचा असो.

काही नावांखाली मी लाल रेघ मारते. गुळवेल: मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये यकृताला इजा झालेले 6 रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने तेव्हा आक्षेप घेतला, दुसऱ्याच जातीची वेल असेल असं म्हटलं. पण 2022 मध्ये देशभरातल्या केंद्रांतून 43 रुग्णांची नोंद आली. आधीपासून ऑटोइम्यून आजार (ज्यात प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते) असेल तर गुळवेल नकोच. कोडावर दिली जाणारी बावची, अश्वगंधा, वजन उतरवणाऱ्या ग्रीन टी अर्काच्या कॅप्सूल, मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल, यांनीही यकृत बिघडल्याच्या नोंदी आहेत. आमटीतल्या हळदीबद्दल मी बोलत नाही. मिरीतल्या पायपरिनमुळे कॅप्सूलमधली हळद रक्तात कितीतरी जास्त उतरते. भस्म असेल तर शिसं आणि पारा तपासायला सांगा.

अन्नावरची वासना उडाली, मळमळ, अंगाला खाज, लघवी चहासारखी गडद, यातलं काहीही दिसलं की काढे-चूर्ण त्याच दिवशी बंद, अर्धं नव्हे, सगळं. "शरीरातली घाण बाहेर पडतेय, चालू ठेवा" हा सल्ला माणूस घालवणारा आहे. काविळीवर आणखी एखादा पाला सुरू करणंही तसंच. बीपी, शुगर, टीबीच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. एसजीपीटी नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीवर आणि बिलिरुबिन दुपटीवर, दोन्ही एकदम गेले तर अशा दहांतल्या साधारण एकाचा जीव जातो किंवा यकृत बदलावं लागतं. पेशंट असंबद्ध बोलायला लागला, दिवसा झोपून रात्री जागायला लागला, तर सकाळची वाट बघू नका.

बरं वाटल्यावर "थोडंसं घेऊन बघते" हे आत्याही म्हणाली होती. मी बरणी उचलून आणली. दुसऱ्या खेपेला इजा बहुतेकदा लवकर होते आणि जास्तही होऊ शकते.

शेवटी डॉक्टरांना दुष्परिणामाची नोंद करायला सांगा. 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर तुम्हीही ती करू शकता, तेव्हा यादी हातात ठेवा.