कुलाबा किल्ल्याच्या खडकांवर सागरी जीवांची सहल : आधी पंचांग, मग बस

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीत चालत जाता येतं, त्यामुळे विद्यार्थ्यांना खडकांवरचे जीव दाखवायला ही जागा उत्तम. तारीख मात्र शाळेच्या सोयीने नाही, तिथीने ठरवा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. ओहोटी तिच्या सव्वासहा तास आधी-नंतर. द्वितीयेला भरती दुपारी दीडच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वासातला. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे सर्वांत मोठी भरती-ओहोटी असते, त्यामुळे पाणी तेव्हा खूप मागे हटलेलं असतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत कमी चढ-उताराची भरती-ओहोटी असते, खालचे खडक नीट उघडेच पडत नाहीत. हा झाला अंदाज. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा, स्थानिक कोळ्यांना विचारा. पावसाळ्यात जाऊच नका.

पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा आणि नंतर अर्ध्या तासात परत फिरा. पाणी एका चालीने चढत नाही. सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत निम्मं पाणी भरतं. ‘अजून वेळ आहे’ म्हणणारे तिथेच अडकतात.

मोजणीसाठी अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे चार तुकडे आणि चार एल्बो (कोपऱ्याचे जोड) घेऊन आतून 50 सें.मी.ची चौकट करा. पाइपला भोकं पाडा, नाहीतर ती तरंगते. दर 10 सें.मी.वर दोरा ओढला की 25 घरं होतात, प्रत्येक घर 4 टक्के. भरतीरेषेपासून समुद्राकडे 30 मीटर दोरी ताणा आणि दर 5 मीटरवर चौकट ठेवा. मुलं हमखास जिथे काही सुंदर दिसेल तिथे चौकट सरकवतात. मग आकड्यांना अर्थ उरत नाही. कालवं (खडकाला चिकटलेले शिंपले) आणि बार्नेकल (खडकाला कायमचे चिकटलेले बारीक कवचधारी जीव) यांनी व्यापलेली घरं मोजा, गोगलगायी एकेक मोजा. वरच्या खडकांवर झाकण घट्ट मिटून उन्हात तग धरणाऱ्या बारीक गोगलगायी, मधे बार्नेकल आणि कालवं, खाली शेवाळ आणि समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे मऊ प्राणी), हा उतरता क्रम वहीत आपोआप उमटतो.

कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. चपला नकोत, बंद बूट हवेत. शंकूच्या आकाराचा जिवंत शंख उचलू नका, त्याचा डंख विषारी असतो. काहीही घरी न्यायचं नाही. प्रवाळ, समुद्रकाकडी, समुद्रघोडा यांना तर कायद्याचंच संरक्षण आहे. उलटलेला दगड तसाच्या तसा परत ठेवा. त्याच्या पोटाला चिकटलेले जीव उन्हात थोड्याच वेळात सुकून मरतात.