चाहत्यांनी केलेल्या वस्तू : विक्रीपूर्वी काय तपासावे
आवडत्या चित्रपटातील पात्र स्वतःच्या टी-शर्टवर रंगवणे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधील खासगी वापराच्या सवलतीत बसू शकते. मात्र तेच चित्र मगांवर छापून ऑर्डरी घेऊ लागलात, की हक्कधारकाचा लेखी परवाना घ्यावाच लागतो. ‘फॅनमेड’ असे लिहून किंवा केवळ छपाईखर्च वसूल करून सुटका होत नाही. कलम ६३ नुसार जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनास ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. व्यापारी लाभ नसेल, तर न्यायालय सबळ कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते. परवाना परवडत नसल्यास १९०६ मध्ये निवर्तलेल्या राजा रविवर्म्यांची चित्रे खुशाल छापावीत, कारण चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हा हक्क संपतो.