ट्रान्झिशन मेटलचं इलेक्ट्रॉन कॉन्फिगरेशन लिहायचं कसं (आणि आयन आला की गडबड का होते)

इलेक्ट्रॉन कॉन्फिगरेशन म्हणजे अणूतले इलेक्ट्रॉन कोणत्या ऑर्बिटलमध्ये (इलेक्ट्रॉनच्या जागेत) किती आहेत त्याची नोंद. कॅल्शियमपर्यंत सगळं सरळ असतं, २१ नंबरच्या स्कँडियमपासून डी ऑर्बिटल सुरू होतं आणि मग लोक पाठांतराकडे वळतात. पाठ करायची गरज नाही, दोन-तीन गोष्टी कळल्या की झालं.

आधी अणुक्रमांक घ्या. लोखंड घेऊ, २६. त्याच्या मागचा नोबल गॅस आर्गॉन, त्याचे १८, ते चौकटी कंसात नुसतं आर्गॉन लिहून मोकळे व्हा. उरले ८. त्यातले दोन ४एसमध्ये (चौथ्या कवचाचं एस ऑर्बिटल) टाका आणि बाकीचे ६ ३डीमध्ये (तिसऱ्या कवचाची डी ऑर्बिटल). म्हणजे लोखंड झालं आर्गॉन, ३डी ६, ४एस २. टायटॅनियम, मँगनीज, कोबाल्ट, निकेल, सगळ्यांना हीच रीत. लिहिताना ३डी आधी लिहा आणि ४एस शेवटी, भरताना ४एस आधी भरलं असलं तरी. ही सवय पुढे आयन लिहिताना फार उपयोगी पडते.

पहिल्या ओळीत फक्त दोघंच हट्टी आहेत. क्रोमियम (२४) ३डी ५, ४एस १ आणि तांबं (२९) ३डी १०, ४एस १. कारण म्हणून "अर्धं किंवा पूर्ण भरलेलं डी जास्त स्थिर" असं सांगतात. ते ठीक आहे, पण त्याला ब्रह्मवाक्य समजू नका. ४एस आणि ३डीच्या ऊर्जेत फरकच एवढा कमी असतो की एक इलेक्ट्रॉन इकडचा तिकडे जायला फार काही लागत नाही. क्रोमियमच्या खालचं मॉलिब्डेनम त्याच्यासारखंच वागतं, ४डी ५, ५एस १, पण त्याच्याही खालचं टंगस्टन मात्र ५डी ४, ६एस २, मग तो नियम गेला कुठे?

आता आयन, म्हणजे इथे इलेक्ट्रॉन गमावलेला अणू; दोन गेले की दोन प्लस, तीन गेले की तीन प्लस. मार्क जातात ते इथेच. इलेक्ट्रॉन काढायचे ते आधी ४एसमधून, मग गरज पडली तर ३डीमधून. लोखंडाचा दोन प्लस आयन ३डी ६, तीन प्लस ३डी ५. बरेच जण विचार करतात की शेवटी भरलं ते ३डी, मग काढतानाही आधी तेच निघणार, आणि तीन प्लससाठी ३डी ३, ४एस २ लिहून ठेवतात. पण भरायचा क्रम ही आपली हिशोबाची सोय आहे, अणू काही एकेक इलेक्ट्रॉन घेत तयार होत नाही. स्कँडियमपासून पुढे न्यूक्लियसचा चार्ज वाढतो तशी ३डीची ऊर्जा ४एसच्या खाली जाते, ४एस बाहेरच्या बाजूला राहतं आणि आधी तेच सुटतं. स्कँडियमचा दोन प्लस आयन बघा ना, एकच इलेक्ट्रॉन उरतो आणि तो ३डीमध्ये असतो, ४एसमध्ये नाही.

खात्री करायची असेल तर पाच चौकोन काढा, डीची पाच ऑर्बिटल. हुंडच्या नियमाने आधी प्रत्येकात एकेक बाण, सगळे एकाच दिशेने, आणि मगच जोड्या. लोखंड तीन प्लसमध्ये ५ बाण, पाचही एकटे. मॅग्नेटिक मोमेंट (चुंबकत्वाचं माप, एकक बोर मॅग्नेटॉन) काढायला एकट्या इलेक्ट्रॉनची संख्या एन घ्या, तिला एन अधिक दोनने गुणा आणि वर्गमूळ काढा: ५ गुणिले ७ म्हणजे ३५, वर्गमूळ साधारण ५.९२ बोर मॅग्नेटॉन. चुकीचं ३डी ३ धरलं असतं तर ३.८७ आलं असतं. लोखंडाच्या साध्या तीन प्लस क्षारांमध्ये मोजलेली किंमत ५.९च्या आसपासच येते, म्हणजे वाद मिटला. (दोन प्लसवर हा प्रयोग करू नका, तिथे चुकीच्या ३डी ४, ४एस २ मध्येही चारच एकटे निघतात आणि काही सिद्ध होत नाही.)

झिंकचं एक राहिलं. ते ३डी १०, ४एस २ आणि त्याचा दोन प्लस आयनही ३डी १०, डी कुठेच अर्धवट नाही, म्हणून आययूपॅकच्या (रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था) व्याख्येत ते ट्रान्झिशन मेटल बसत नाही आणि त्याचे साधे क्षार पांढरे दिसतात. तांब्याच्या दोन प्लसमध्ये ३डी ९, एक जागा रिकामी, तेवढ्यावर मोरचूद (कॉपर सल्फेट) निळं.

खालच्या ओळीत गेलात की क्रिप्टॉनपासून ४डी, ५एस अशीच रीत, पण तिथे अपवाद भरपूर. पॅलेडियम तर ४डी १० करून ५एस रिकामंच ठेवतं. त्या ओळीसाठी मात्र तक्ता जवळ ठेवा, तिथे तर्क लढवत बसण्यात अर्थ नाही.