मुंबई ते न्यूयॉर्क: दोरा लावून अंतर, बेरीज करून वेळ

पहिल्यांदाच लेकाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेला निघालेली इथली साताऱ्यातली मंडळी तिकीट घेऊन माझ्याकडे येतात. मुंबईहून रात्री २ ला सुटायचं, न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी साडेआठला उतरायचं. "बाई, साडेसहा तासांचाच प्रवास ना?" उमेदीची सगळी वर्षं भूगोल शिकवण्यात गेली, त्यामुळे मी आधी पृथ्वीगोल काढते.

अंतर भिंतीवरच्या नकाशावर मोजूच नका. तिथे पट्टी धरली की रेघ सौदी, इजिप्त, मोरोक्को करत अटलांटिकवर जाते, आणि ती लांबची वाट आहे. गोलावर शिवणाचा दोरा घ्या. एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर धरा आणि ताणा. दोरा आपोआप उत्तरेला सरकतो: तुर्कमेनिस्तान, मॉस्कोच्या जवळून, आइसलंडवरून, ग्रीनलंडचं दक्षिण टोक जवळजवळ शिवून मग खाली. हे स्वतःच्या बोटांनी केल्याशिवाय पटत नाही, म्हणून मी प्रत्येकाला करायला लावते.

आता मोजणी. ३० सेंमी व्यासाच्या गोलाचा घेर सुमारे ९४ सेंमी, पृथ्वीचा ४०,००० किमी. म्हणजे १ सेंमीला ४२५ किमी. आपला दोरा साडेएकोणतीस सेंमी भरतो. गुणाकार करा, साडेबारा हजार येतात. दोन विमानतळांमधलं अंतर १२,५४० किमीच्या आसपास आहे.

मोठं विमान ताशी ९०० किमीच्या घरात उडतं, म्हणजे जवळपास १४ तास. चढणं, उतरणं, धावपट्टीपर्यंत सरकत जाणं यांचा अर्धा-पाऊण तास धरा. मग वारा. विमान उडतं त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात, हिवाळ्यात तर फारच. जाताना ते तोंडावर येतात, परतताना पाठीशी. म्हणून थेट विमानाला जाताना साधारण १६ तास आणि येताना चौदा-पंधरा.

शिवाय दोऱ्याची वाट प्रत्येकाला मोकळी नसते. २०२२ मध्ये रशियाने अमेरिकी कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना. वळसा पडला की तास वाढले. तिकीट काढताना कंपनीगणिक तास पाहा.

उरलं घड्याळ. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. न्यूयॉर्कच्या वेळेत मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊ तास मिळवा, एरवी साडेदहा. सकाळचे साडेआठ अधिक साडेनऊ, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे ६. रात्री २ ते संध्याकाळी ६: सोळा तास.

एवढा आटापिटा मी गोळ्यांसाठी करते. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या शरीराच्या तासांवर चालतात, तिकिटावरच्या वेळेवर नाही. साताऱ्याहून मुंबई विमानतळ पाच-सहा तास, तिथे तीन तास आधी पोहोचायचं, मग हे सोळा, आणि उतरल्यावर पासपोर्टच्या रांगेत एक-दोन. बेरीज पंचवीस ते सत्तावीस तासांवर जाते. निघण्याच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना हाच आकडा सांगा, कोणती गोळी कधी घ्यायची ते भारतीय वेळेनुसार लिहून घ्या, आणि तो कागद, डॉक्टरांची चिठ्ठी व गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा. मोठ्या बॅगेत टाकू नका.